गेली नाही, अडकलीय

मी एक जुनी हार्डडिस्क आहे. मित्रांनो, जुनी म्हणालात तर मला राग नाही. वय झालंय, फिरताना घरघर होते, ते मी कशाला नाकारू? पण ‘गेलेली’ म्हणालात तर मात्र खपवून घेणार नाही. ‘डिस्क गेली’, ‘डिस्क गेली’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. अरे, गेली म्हणजे कुठे गेली? कुणाचा हात धरून गेली? मी होते तिथेच होते, पत्र्याच्या डब्यात, स्क्रूंनी आवळलेली. जायचं मनात आणलं असतं तरी जाता आलं नसतं.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं दचकायची. त्यांनी माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या बसवल्या, चकत्यांवरचं वाचायला एक बारीकशी मुंडी दिली आणि वरून झाकण गच्च लावून टाकलं. झाकण उघडू नये, अशी सूचनाही चिकटवली. म्हणजे बंद राहणं माझ्या नशिबात जन्मापासूनचंच. पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. दार बंद असलं तरी बाहेरून हाक मारणारं कुणी असलं की घर घरच वाटतं.

मी महाडला आले ती बाजारपेठेतल्या विपुलच्या दुकानात. विपुल कॉम्प्युटर जोडून देतो, दुरुस्त करतो. त्याने मला एका डब्यात बसवलं आणि तो डबा बुद्धरत्न सरांच्या घरी पोहोचवला. सर शाळेत मराठी शिकवायचे. “सर, यात विंडोजऐवजी लिनक्स घालून देतो. फुकट आहे आणि व्हायरसची कटकट नाही,” विपुल म्हणाला. यातलं ‘फुकट’ सरांना फार आवडलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

काय माझी ऐट होती तेव्हा! सरांच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे, सहलीचे फोटो माझ्याकडे, त्यांची मुलगी दीक्षा हिने काढलेली वेडीवाकडी चित्रंसुद्धा माझ्याकडे. शेजारीपाजारी यायचे तेव्हा सर डब्यावर थाप मारून म्हणायचे, “सगळं यात आहे!” माझा ऊर भरून यायचा. आता मला ऊर नाही ते सोडा.

पण माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं जे होतं, ते सरांचं नव्हतं. ते होतं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, सुंदराबाईचं. ती पोलादपूरकडे कापड्याला राहायची, भात लावायची आणि गायची. वाडीत कुणाच्याही मुलीची हळद असो, पहिलं गाणं सुंदराबाईचं. तिने हाक घातल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागायचं नाही, हा वाडीचा रिवाज. सख्खी असो वा नसो, त्या दिवशी ती प्रत्येक नवरीची आत्या व्हायची.

एका सुट्टीत सरांनी तिला महाडला बोलावलं आणि माइक पुढे ठेवला. सुंदराबाईने माइककडे असं पाहिलं, जसं काही तो तिला चावणार आहे. “ह्या बोंडात बोलायचं?” ती म्हणाली. सर हसले आणि त्यांनी बटण दाबलं. तिला ते कळलंच नाही. ती आणखी जवळ सरकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “चालू झालं का रे?” झालं, तेही माझ्यावर उमटलं! मग तिने पदर सावरला आणि सुरुवात केली:

पिवळ्या हाताची लेक माझी, दारात उभी गो,
आत्याची हाक आल्याबिगर जायाची नाय कधी गो.

दीक्षा तेव्हा शाळकरी होती. ती बाजूला बसून टाळ्या वाजवत होती. गाणी संपल्यावर सुंदराबाई म्हणाली, “हे आपलं गमतीला ऱ्हाऊ दे. हिच्या हळदीला मी सोता म्हणणार हाय.” दीक्षा लाजून पळाली. मी मात्र तो आवाज चकतीवर नीट जपून ठेवला. मला तेव्हा काय ठाऊक, की तो कुठेच उरणार नाही, माझ्याशिवाय!

आता थोडं माझ्या घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोलादपूरचा एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. गाडी उभी आहे. खिडकीत कंट्रोलर बसलाय. ड्रायव्हर येतो, कंट्रोलरशी बोलतो आणि मग गाडी निघते. आमच्यातही हेच दोन शब्द आहेत, बरं का! माझी वायर जिथे जोडतात, तिथली चिप म्हणजे कंट्रोलर. आणि त्या कंट्रोलरची बोली जाणणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. हे सगळे ड्रायव्हर माझ्याच पोटात साठवलेले असतात. पण गंमत बघा, माझ्या पोटात शिरायलाच ड्रायव्हर लागतो! कपाटाची किल्ली कपाटात, तशी गत. म्हणून लिनक्स चालू होताना यंत्र माझ्या दारापाशी ठेवलेली एक छोटी पिशवी आधी उचलून देतं. तिच्यात ड्रायव्हर असतात. त्यांतला जो ओळखीचा निघेल तो कंट्रोलरशी बोलतो आणि माझं दार उघडतो.

एकदा सर कुरकुरले, “विपुल, हा चालू व्हायला फार वेळ लावतो रे.” विपुलने पिशवी उघडून पाहिली. “एवढ्या ड्रायव्हरांचं ओझं कशाला? ह्या डब्याला एकच लागतो,” असं म्हणून त्याने तेवढा एक ठेवला आणि बाकीचे काढले. अडीअडचणीला म्हणून एक भरलेली पिशवी बाजूला असते, तीही जागा खाते म्हणून पुसून टाकली. खरंच मी झटपट उठायला लागले. सर खूश, विपुल खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग तो पूर आला. महाडच्या माणसाला पूर शिकवावा लागत नाही. नगरपालिकेचा भोंगा झाला की जो तो सामान माळ्यावर चढवायला लागतो. सरांच्या घरी धान्य चढलं, गाद्या चढल्या, पुस्तकं चढली. माझा डबा तेवढा जिन्याच्या तोंडाशी अडकला. विपुल पाण्यातून धावत मदतीला आला होता. तो ओरडला, “सर, डबा राहू दे! त्यातला जीव तेवढा काढून घेऊ!” आणि त्याने भराभर स्क्रू सोडवून मला बाहेर काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि वर फेकलं. डबा बुडाला. मी वाचले, एक थेंबसुद्धा अंगाला लागला नाही. विपुलचे ते उपकार मी विसरणार नाही, पुढे मी त्याला कितीही बोलले तरी.

चिखल उपसेपर्यंत सगळं कुटुंब कापड्याला सुंदराबाईकडे राहायला गेलं. तिथे शेजारच्या येसूबाईने मला पाहिलं. “पुरातनं आलीय ना? मग तांदळात घाला. आमच्या जानूचा मोबाइल तांदळातच जिता झाला.” अहो, मी भिजलेच नव्हते! पण माझं कोण ऐकतं? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला तांदळाच्या पिंपात पुरलं. वरून झाकण.

मित्रांनो, ते दिवस आठवूच नयेत असं वाटतं. वीज नाही, हाक नाही, फिरणं नाही. रोज झाकण उघडायचं, एक मापटं आत यायचं, तांदूळ घेऊन जायचं आणि पुन्हा अंधार. आत्ता कुणीतरी मला काढेल, असं दर वेळी वाटायचं. महाडचं घर सावरता सावरता नवा डबा घ्यायचं राहून गेलं. सगळे महाडला परतले आणि मला पिंपातच विसरले. तांदळातले किडे तेवढे चौकशीला येत.

पिंपाच्या पत्र्यातून घरातलं बोलणं मात्र ऐकू यायचं. सुंदराबाईच्या घशात काहीतरी झालंय, हे मी असंच ऐकलं. आधी आवाज बसला. कुणी म्हणालं मध चाटवा, कुणी म्हणालं सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्या आणि वाफ द्या. शेवटी मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला. ती परत आली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, पण तिचा एक शब्द माझ्या कानी पडला नाही. येसूबाई दारात रडत म्हणाली, “सुंदराबायचा आवाज गेला गो!”

मी पिंपात नुसती तळमळले. गेला नाही! तो माझ्याकडे आहे! तांदळाखाली, हात घाला, तुमच्या हातभर अंतरावर आहे! पण मला कुठली वाचा? जिचा आवाज होता ती मुकी आणि जिच्याकडे आवाज होता तीही मुकीच. यापरता कोंडमारा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पुढे दीक्षाचं लग्न ठरलं. ती मुंबईला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करते. हळद कापड्यालाच करायची असं तिने ठरवलं. पण वाडीतल्या बायकांपुढे प्रश्न पडला. पहिली हाक कोण घालणार? सुंदराबाईचं नाव काढायची कुणाची छाती होईना आणि तिच्या जागी गायचीही कुणाची छाती होईना. येसूबाई म्हणाली, “ह्या टायमाला बँजोच लावू.” सुंदराबाई उठून आत निघून गेली. त्या रात्री ती जेवली नाही, असं सकाळी सर सांगत होते.

तेव्हा दीक्षाला माझी आठवण झाली. “बाबा, आत्याची गाणी रेकॉर्ड केलेली होती ना? ती डिस्क कुठंय?” सर डोकं खाजवत बसले. सुंदराबाईने मात्र सरळ येऊन पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि मला वर काढलं. उजेडाने माझे डोळे दिपले, म्हणजे असते तर दिपले असते. सर मला घेऊन तडक महाडला विपुलकडे गेले.

विपुलने मला एका नव्या डब्यात बसवलं, बटण दाबलं आणि वीज आली! मी फिरायला लागले. माझ्या दारापाशी ठेवलेली पिशवी उचलली गेली. आता दार उघडणार, आता हाक येणार, म्हणून मी सज्ज होऊन बसले.

कुणीच आलं नाही. नव्या डब्याचा कंट्रोलर नवा होता. पिशवीत होता तो एकटा जुना ड्रायव्हर, बुडालेल्या डब्याची बोली जाणणारा. तो नव्याच्या खिडकीशी जाऊन गोंधळून उभा राहिला. लिनक्सने थोडी वाट पाहिली, पुन्हा थोडी पाहिली आणि काळ्या पडद्यावर लिहिलं: मूळ डिस्क सापडत नाही. खाली एक चौकोन नुसता लुकलुकत राहिला. मी आत जिवाच्या आकांताने फिरत होते. दाराच्या आत मी, दाराबाहेर माझी माणसं आणि मधे उघडणारं कुणी नाही. तांदळाच्या पिंपात निदान झाकण तरी उघडायचं!

विपुलने वायर बदलली. पुन्हा तेच. दुसऱ्या खाचेत वायर लावली. पुन्हा तेच. शेवटी त्याने मान हलवली. “सर, डिस्क गेली.” सरांनी चष्मा पुसून पडदा पुन्हा एकदा वाचला. मग मला तिथेच सोपवून कापड्याला परतले. लग्नघरची शंभर कामं त्यांची वाट बघत होती.

शेवटचा उपाय म्हणून विपुलने मला दुकानातल्या विंडोजच्या यंत्राला जोडलं. त्या यंत्राला माझी लिपीच येत नाही. त्याने मला पाहिलं आणि मख्खपणे विचारलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मित्रांनो, फॉरमॅट म्हणजे काय ठाऊक आहे? पाटी कोरी. मला अक्षर कळत नाही, म्हणून तुझी वही धुऊन टाकतो, असं म्हणण्यापैकी आहे हे! विपुलचं बोट बटणाच्या जवळ होतं. माझी घरघर थांबायची वेळ आली.

पण विपुल मुळात सज्जन. त्याने आधी दीक्षाला फोन लावला. “अगं, डिस्क गेल्यातच जमा आहे. फॉरमॅट मारून बघू का?” पलीकडून ती अशी किंचाळली की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. “विपुलदादा, हात लावशील तर बघ! आहे तशी नव्या डब्यासकट इकडे घेऊन ये!” तिला स्वतःला येता येईना. हळद तोंडावर आलेली आणि नवरीने वाडीची वेस ओलांडायची नाही, म्हणून येसूबाई दारातच पाय पसरून बसली होती.

विपुल मोटारसायकलवर डबा बांधून कापड्याला आला. ओटीवर मांडव, मांडवात खाट, खाटेवर मी. बटण दाबलं. पिशवी उघडली, जुना ड्रायव्हर गोंधळला, काळा पडदा, लुकलुकता चौकोन. बायका भोवती जमल्या. “मी सांगत होते,” येसूबाई म्हणाली, “तांदळातनं काढायची घाई केली.”

“खरंच गेली गं,” विपुल हळूच म्हणाला.

तेवढ्यात सुंदराबाई पुढे आली. गळ्याभोवती तिने सुती रुमाल बांधला होता. तिने डब्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटून उभी राहिली. गिरणीचा पट्टा फिरतोय का हे हात लावून बघतात, तशी. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून फिरले. तिने डोळे उघडले, जोरजोरात मान हलवली आणि हवेत बोट गोल गोल फिरवलं. माझा आवाज ओळखणारी एवढ्या माणसांत ती एकटी निघाली.

दीक्षाने तिच्या बोटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. “आत्या बरोबर बोलतेय. विपुलदादा, इथे ‘गेली’ कुठे लिहिलंय? ‘सापडत नाही’ लिहिलंय. बाबांचा चष्मा सापडत नाही तेव्हा आपण चष्मा गेला म्हणतो का?” सगळे हसले. ती मात्र हसली नाही. “डिस्क तीच आहे. मग बदललं काय?”

“डबा,” विपुल म्हणाला. “म्हणजे कंट्रोलर…” आणि त्याने कपाळावर हात मारला. “आई शप्पथ! पिशवी मीच हलकी केली होती! ह्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नाही तिच्यात!”

“म्हंजे गाडी हाय, ड्रायव्हर नाय,” येसूबाई म्हणाली. “मग आमच्या स्टँडवरच्यासारखं सांगा की सरळ!”

दीक्षाने बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. त्यावर एक छोटं लिनक्स होतं, भरल्या पिशवीचं. डबा त्यावरून चालू केला. त्या पिशवीतला एक ड्रायव्हर पुढे झाला, नव्या कंट्रोलरशी त्याच्या बोलीत बोलला आणि, काय सांगू, माझं दार उघडलं! कुणीतरी आत आलं. प्रश्नपत्रिका होत्या, सहल होती, दीक्षाची वेडीवाकडी चित्रं होती. आणि गाणी होती. सर तोंड फिरवून मांडवाच्या खांबाकडे बघू लागले.

“लाव की लवकर!” विपुल म्हणाला. पण पेनड्राइव्हवरचं ते लिनक्स नुसती काळी पाटी होतं, त्याला आवाज काढायची सोयच नव्हती. दीक्षाने आधी गाण्यांची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून सरांच्या खिशात ठेवली. मग तिने आणि विपुलने मिळून माझी पिशवी नव्याने भरली. “सगळे घे,” विपुल म्हणाला, “एकसुद्धा वगळू नकोस.” पेनड्राइव्ह काढला. पुन्हा बटण दाबलं.

मी फिरायला लागले. पिशवी उचलली गेली. क्षणभर काहीच झालं नाही आणि मी मनात म्हटलं, संपलं. मग माझ्या दारावर थाप पडली, माझ्याच पिशवीतल्या ड्रायव्हरची. पडदा उजळला.

हळदीच्या दिवशी मांडवात मला मानाने पाटावर ठेवलं होतं. दीक्षा चौरंगावर बसली. येसूबाई हळदीचं ताट घेऊन उभी, पण बोट लावेना, रिवाज होता ना! विपुलने गाणं लावलं. आधी नुसती खरखर झाली. आणि मग सगळ्या मांडवभर तो खणखणीत आवाज घुमला:

“चालू झालं का रे?”

कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी अख्खी वाडी एका सुरात ओरडली, “झालं गो, आत्या!”

सुंदराबाई दीक्षाच्या पाठीशी उभी होती. तिचे ओठ हलत होते. गाणं सुरू झालं आणि तिने टाळ्यांचा ताल धरला, शाळकरी दीक्षाने धरला होता तसा. आत्याची हाक आल्याबिगर जायाची नाय कधी गो. बायकांनी ओळ उचलली. येसूबाईने डोळे पुसत हळदीचं पहिलं बोट लावलं. मी फिरत होते, पोटभर फिरत होते.

मित्रांनो, आता मी खरोखरच थकले आहे. केव्हा ना केव्हा मी जाईन, तेव्हा खुशाल ‘गेली’ म्हणा, मी भांडायला येणार नाही. पण त्याआधी दोन कामं करा. तुमच्या घरात कुणाचा आवाज असेल, कुणाचे फोटो असतील, त्याची प्रत आणखी एका जागी काढून ठेवा, एकट्या म्हातारीच्या भरवशावर राहू नका. आणि यंत्र असो की माणूस, बोलेनासं झालं म्हणून लगेच गेलं म्हणू नका. जवळ जा, हात ठेवून बघा. आत कुणीतरी जिवाच्या आकांताने फिरत असतं आणि एवढंच विचारत असतं, चालू झालं का रे?